दरमहा साडेतीन, दरसाल बेचाळीस : क्रेडिट कार्डाच्या व्याजाचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही शाळेत व्याजाचे गणित शिकविताना फळ्यावर प्रथम चार अक्षरे लिहिली जातात : ‘द.सा.द.शे.’ दर साल दर शेकडा, म्हणजे शंभर रुपयांवर एका वर्षाचे व्याज किती, एवढाच त्यांचा अर्थ. परीक्षा संपली की ही अक्षरे बहुतेकांच्या विस्मरणात जातात. पुढे संसारात कर्ज काढण्याची वेळ येते, तेव्हा समोरच्या माणसाच्या बोलण्यातून नेमकी हीच अक्षरे गळालेली असतात. खासगी सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो, ते महिन्याचे असतात. दुकानदार ‘हप्ता फक्त इतका’ म्हणतो, त्यात व्याजाचा उच्चारच नसतो. क्रेडिट कार्ड देणारा प्रतिनिधी ‘साडेतीन टक्के’ सांगतो, तेही दरमहाचे असतात. तीन माणसे तीन मापांनी बोलत असली तर कोणाचा माल स्वस्त, हे ग्राहकाने कसे ठरवावे? शेर आणि किलो एका तराजूत घालून भाव ठरत नाही. व्याजाचेही तसेच आहे.

हा प्रश्न आता केवळ महानगरांपुरता उरलेला नाही. भारतात बँकेच्या क्रेडिट कार्डाचा आरंभ सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली केला. पुढील अनेक वर्षे हे कार्ड मोठ्या शहरांतील वरच्या उत्पन्नगटाच्या खिशातच राहिले. २०२२ पासून मात्र रूपे क्रेडिट कार्डे यूपीआय व्यवहाराशी जोडण्याची सोय झाली आणि भ्रमणध्वनीवरून चौकोनी चिन्ह टिपून उधारीवर खरेदी करणे तालुक्याच्या गावीही शक्य झाले. शिक्षक, ग्रामसेवक, कारखान्यातील कामगार, लहान दुकानदार अशा नियमित उत्पन्नाच्या कुटुंबांपर्यंत हे कर्ज पोहोचले आहे. म्हणून त्याच्या व्याजाची रीत समजून घेणे अगत्याचे ठरते.

पतपुरवठ्याचा वारसा

वाजवी व्याजाचा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. त्यांच्याच कारकिर्दीत, १९१३ साली, कोल्हापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेची स्थापना झाली. १९३८ साली कोल्हापूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली. गावोगावच्या विकास सेवा सोसायट्या, पगारदार नोकरांच्या पतसंस्था आणि नागरी बँका यांचे जाळे या पायावर विणले गेले. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचे पीककर्ज सोसायटीतून मिळावे आणि कारखान्याच्या बिलातून ते वळते व्हावे, ही पद्धत या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेली आहे.

या चळवळीच्या मागे सावकारी पाशाची कटू आठवण होती. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनच्या शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि ठिकठिकाणी कर्जखते जाळण्यात आली. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आपल्या जुन्या व्यवहारधर्मात ‘दामदुप्पट’ हा नियम होता : कोणत्याही वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये. व्याजाला कोठेतरी मर्यादा असावी, ही जाणीव समाजात पूर्वापार आहे. जुन्या काळी ‘महिना रुपयाला आणा’ हा दर ऐकायला किरकोळ वाटे. सोळा आण्यांत एक आणा म्हणजे महिन्याला सव्वासहा आणि वर्षाला पंच्याहत्तर टक्के होतात, हा हिशेब निरक्षर ऋणकोला कोणी सांगत नसे. आज ऋणको साक्षर आहे, पण हिशेब न सांगण्याची रीत पुष्कळ अंशी तीच आहे.

कार्डाचे कर्ज कसे चालते

क्रेडिट कार्ड म्हणजे बँकेने ठरावीक मर्यादेपर्यंत दिलेले विनातारण फिरते कर्ज होय. महिनाभराच्या खरेदीचे देयक एका ठरलेल्या तारखेला निघते आणि ते फेडण्यासाठी पुढे काही दिवसांची मुदत मिळते. समजा, देयक दर महिन्याच्या ५ तारखेला निघते आणि फेडीची अंतिम तारीख २५ आहे. ८ जूनला केलेली खरेदी ५ जुलैच्या देयकात येईल आणि २५ जुलैपर्यंत फेडता येईल. म्हणजे ४७ दिवस पैसा बिनव्याजी वापरावयास मिळाला. संपूर्ण देयक दर महिन्याला वेळेवर फेडणाऱ्यास कार्डावर खरेदीचे व्याज पडत नाही. अशा माणसासाठी व्याजाचा दर कितीही असला तरी फरक पडत नाही.

अडचण सुरू होते ती देयक अपुरे फेडल्यावर. मागील देयकातील काही रक्कम शिल्लक राहिली की व्याजमुक्त मुदत संपुष्टात येते. त्यानंतर नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. हे व्याज दररोजच्या शिलकीवर मोजले जाते. त्याचे सूत्र शाळेतील सरळव्याजाच्या सूत्रासारखेच आहे : बाकी रक्कम गुणिले दिवस, गुणिले महिन्याचा दर, गुणिले बारा, भागिले तीनशे पासष्ट. अनेक कार्डांचे दर महिन्याला तीन ते पावणेचार टक्क्यांच्या दरम्यान असतात, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के. साडेतीन टक्क्यांचे बारा महिन्यांचे सरळव्याज ४२ टक्के होते. मध्ये काहीच न फेडता व्याजावर व्याज चढत गेले तर तोच दर वर्षाअखेर ५१ टक्क्यांवर जातो. याखेरीज कार्डाच्या व्याजावर व शुल्कांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. घरकर्जाच्या किंवा पीककर्जाच्या व्याजावर असा कर नसतो, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही.

‘किमान देय रक्कम’ या शब्दांचा अर्थ

देयकावर दोन आकडे छापलेले असतात : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. दुसरा आकडा लहान असतो, आणि तो भरला की आपले कर्तव्य संपले असा समज होतो. प्रत्यक्षात किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते आणि खाते थकीत गणले जात नाही. व्याज मात्र चालूच राहते.

एक उदाहरण घेऊ. पुराच्या पाण्याने घरातील सामान गेले आणि एखाद्या शिक्षकाने कार्डावर ५०,००० रुपयांची खरेदी केली. दर महिन्याला साडेतीन टक्के आणि किमान देय रक्कम बाकीच्या पाच टक्के आहे असे समजू. पहिल्या महिन्यात त्याने २,५०० रुपये भरले. त्यापैकी व्याजाचे १,७५० आणि त्यावरील कराचे ३१५, असे २,०६५ रुपये गेले. मुद्दलातून कमी झाले अवघे ४३५ रुपये. याच रीतीने तो वर्षभर नियमाने किमान रक्कम भरत राहिला आणि नवी खरेदी एका पैशाचीही केली नाही, तरी वर्षाअखेर त्याने सुमारे २८,६०० रुपये भरलेले असतील आणि बाकी सुमारे ४५,००० रुपये असेल. अठ्ठावीस हजार देऊन कर्ज पाच हजारांनी उतरले. तो थकबाकीदार नाही, त्याला नोटीस नाही, वसुलीसाठी कोणी दारात नाही. म्हणूनच हे कर्ज अधिक काळ लक्षात येत नाही. किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा देयकावर छापणे रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केले आहे. तो इशारा वाचला जात नाही, एवढेच.

कार्डावर रोख रक्कम काढणे हा तर सर्वांत महाग व्यवहार आहे. त्याला व्याजमुक्त मुदतच नसते. काढल्या दिवसापासून व्याज लागते आणि शुल्क वेगळे. समजा १०,००० रुपये काढले, शुल्क ५०० रुपये पडले आणि महिन्याभराने रक्कम फेडली. शुल्क ५००, व्याज ३५० आणि दोहोंवरील कर १५३ मिळून १,००३ रुपये झाले. म्हणजे एका महिन्याला दहा टक्के. ‘रुपयाला आणा’ हा दरही याहून सौम्य होता.

एकच रक्कम, चार दारे

तुलना करावयाची तर रक्कम तीच, मुदत तीच आणि माप तेच हवे. वरील शिक्षकाला ५०,००० रुपये हवे आहेत आणि ते बारा समान मासिक हप्त्यांत फेडावयाचे आहेत, असे धरून चार ठिकाणची किंमत पाहता येईल. येथील पतसंस्थेचा व दुकानाचा दर केवळ उदाहरणादाखल घेतला आहे.

पहिले दार पगारदार पतसंस्थेचे. दर वर्षाला १४ टक्के, घटत्या शिलकीवर. हप्ता ४,४८९ रुपये, एकूण व्याज ३,८७२ रुपये.

दुसरे दार परवानाधारक सावकाराचे. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ खाली शासनाने ठरविलेला बिगरशेतकरी विनातारण कर्जाचा कमाल दर वर्षाला १८ टक्के आहे. हप्ता ४,५८४ रुपये, एकूण व्याज ५,००८ रुपये.

तिसरे दार हप्त्यांवर माल देणाऱ्या दुकानाचे. दर येथेही १४ टक्केच, परंतु तो आरंभीच्या पूर्ण रकमेवर वर्षभर सरसकट आकारलेला. हप्ता ४,७५० रुपये, एकूण व्याज ७,००० रुपये.

चौथे दार क्रेडिट कार्डाचे. दर महिन्याला साडेतीन टक्के. हप्ता ५,१७४ रुपये, एकूण व्याज १२,०९० रुपये. त्यावर कर २,१७६ रुपये. एकूण जादा रक्कम १४,२६६ रुपये.

पहिल्या आणि तिसऱ्या दारावर पाटी एकच आहे, ‘१४ टक्के’. तरीही व्याज एकीकडे ३,८७२ आणि दुसरीकडे ७,०००. याचे कारण असे की हप्ते भरणाऱ्याच्या हाती वर्षभर पूर्ण पन्नास हजार नसतात. दर महिन्याला मुद्दल घटत जाते आणि सरासरीने त्याच्याकडे सत्तावीस हजारांच्या आसपासच रक्कम उरते. सरसकट पद्धतीत परत केलेल्या पैशावरही व्याज द्यावे लागते. त्यामुळे सरसकट १४ टक्के म्हणजे घटत्या शिलकीच्या मापाने जवळजवळ २५ टक्के. वर्षभराच्या हप्त्यांसाठी सरसकट दराची सुमारे पावणेदोनपट केली की खऱ्या दराचा अंदाज येतो. एवढे एक कोष्टक मनात असले तरी पुष्कळ फसगत टळते.

‘बिनव्याजी हप्ते’ या जाहिरातीकडेही याच दृष्टीने पाहावे. शीतकपाटाची किंमत ३०,००० रुपये, दहा हप्ते तीन-तीन हजारांचे, व्याज शून्य. मात्र रोखीने घेणाऱ्यास तेच शीतकपाट २८,५०० रुपयांना मिळत असेल, तर सोडून दिलेली १,५०० रुपयांची सूट हेच व्याज झाले. त्याचा वार्षिक दर सव्वाअकरा टक्क्यांच्या जवळ जातो. प्रक्रिया शुल्क असल्यास तो आणखी वाढतो. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्टपणे कळविले होते. २०२२ च्या निर्देशांनुसार कार्डावरील खरेदीचे हप्ते पाडताना मुद्दल, व्याज आणि दिलेली सूट हे तिन्ही आकडे ग्राहकाला आधी दाखविणे आवश्यक आहे.

नाव एक, कर्जे दोन

ग्रामीण भागात आणखी एक घोटाळा संभवतो. १९९८ पासून चालू असलेले किसान क्रेडिट कार्ड आणि बाजारातील क्रेडिट कार्ड यांच्या नावांत साम्य आहे, व्यवहारात नाही. किसान क्रेडिट कार्ड हे पीककर्जाचे खाते आहे. केंद्र शासनाच्या व्याज सवलत योजनेत तीन लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदत कर्जाला ७ टक्के दर असून मुदतीत फेडणाऱ्यास आणखी ३ टक्क्यांची सवलत मिळते. २०२५-२६ या वर्षासाठीही ही योजना चालू ठेवण्यात आली. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्यास शून्य टक्के दराने पडावे, असा निर्णय राज्य शासनाने २०२१ मध्ये घेतला. एका कार्डाचा दर शून्य ते सात टक्के, दुसऱ्याचा बेचाळीस. ‘कार्डावर खत घेतले’ असे कोणी म्हणाला तर कोणत्या कार्डावर, हे विचारणे पंचायत सदस्याचे आणि सोसायटीच्या सचिवाचे काम आहे. पीककर्जाची मर्यादा शिल्लक असताना खरेदीच्या कार्डावर बी-बियाणे आणि खते घेणे म्हणजे घरची विहीर सोडून टँकरचे पाणी विकत घेणे होय.

कायद्याची भिंत कोठवर

परवानाधारक सावकारासाठी राज्याने व्याजाची कमाल मर्यादा घालून दिलेली आहे : शेतकऱ्यास तारणी कर्ज ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांस अनुक्रमे १५ आणि १८ टक्के. विनापरवाना सावकारी हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे. बँकांना मात्र हा अधिनियम लागू नाही. क्रेडिट कार्डाच्या व्याजाबाबत राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने ७ जुलै २००८ रोजी वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक आकारणी ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. बँकांचे व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील विषय आहे, अशी त्यामागील भूमिका आहे. रिझर्व्ह बँकेने अवाजवी व्याज आकारू नये असे बँकांना बजावले असले, तरी विशिष्ट आकड्याची मर्यादा घातलेली नाही.

याचा अर्थ ग्राहक निराधार आहे असा नाही. दर ठरविण्याचे स्वातंत्र्य बँकेला असले तरी तो लपविण्याचे नाही. खरेदी, रोख उचल आणि थकबाकी यांचे वार्षिक दर वेगवेगळे असल्यास ते स्वतंत्रपणे व उदाहरणांसह सांगणे बँकेवर बंधनकारक आहे. न मागता कार्ड देता येत नाही. अंतिम तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्याखेरीज विलंब शुल्क लावता येत नाही. सर्व बाकी फेडून कार्ड बंद करण्याची विनंती केल्यास ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावे लागते. पुढे प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकास देणे लागते. किरकोळ मुदत कर्जांच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२४ पासून ठळक बाबींचे पत्रक देणे आवश्यक झाले असून त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक दर लिहावा लागतो. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीचे तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. विनापरवाना सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याकडे, करावयाची असते.

फळ्यावरून ग्रामसभेत

कर्ज घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारले तर बहुतेक गोष्टी उघड होतात. दर महिन्याचा की वर्षाचा? व्याज घटत्या शिलकीवर की आरंभीच्या रकमेवर? व्याजाखेरीज शुल्क आणि कर किती? आणि शेवटचा हप्ता भरेपर्यंत एकंदर किती रुपये द्यावे लागतील? चौथ्या प्रश्नाचे उत्तर रुपयांत मिळते, म्हणून ते सर्वांत निर्णायक असते. टक्केवारीत माणूस गोंधळतो, रुपयांत सहसा गोंधळत नाही. ज्याच्यावर कार्डाची बाकी आधीच चढलेली आहे, त्याने नवी खरेदी थांबवून पतसंस्थेचे किंवा बँकेचे कमी दराचे कर्ज घ्यावे आणि कार्डाची संपूर्ण बाकी एकदम फेडावी. वरील उदाहरणातील शिक्षकाला एवढ्या एका उपायाने वर्षाला दहा हजारांहून अधिक रुपये वाचविता येतील.

या कामी शाळा आणि ग्रामपंचायती यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. सातवी-आठवीच्या वर्गात व्याजाचे उदाहरण घालताना ‘एका सावकाराने’ या जुन्या आरंभाऐवजी खऱ्या देयकातील आकडे फळ्यावर मांडता येतील. विद्यार्थी तो हिशेब घरी जाऊन वडीलधाऱ्यांना समजावून देईल. ग्रामसभेत पीककर्जाची माहिती देताना ‘एकच रक्कम, चार दारे’ हे कोष्टक सूचनाफलकावर लावता येईल. पतसंस्थांनीही आपल्या दराची पाटी ‘दर साल, घटत्या शिलकीवर’ असे स्पष्ट लिहून लावावी. खरा दर कमी असणाऱ्या संस्थेला त्यात लाभच आहे.

शतकापूर्वी या जिल्ह्यात पतपुरवठ्याच्या संस्था उभ्या राहिल्या त्या सामान्य माणसाला वाजवी दराने पैसा मिळावा म्हणून. तो पैसा आजही त्याच्या गल्लीतील पतसंस्थेत, गावच्या सोसायटीत उपलब्ध आहे. कार्डाच्या सोयीला भुलून त्याने साडेतीनपट किंमत मोजू नये, यासाठी शाळेत शिकलेली ती चार अक्षरे त्याला पुन्हा आठवून दिली पाहिजेत.